सल्ला हवा: गोदामातले काका आणि बिलिंगची मुलं (फोंडा, खर्च १५ हजारांपर्यंत)

फोंड्याचा_औषधवाला
नमस्कार. फोंड्यात आमचा औषधांचा होलसेल धंदा आहे, बाबांनी सुरू केलेला. माणसं अकरा. गोदाम बघणारे काका ५८ वर्षांचे, आमच्याकडे २६ वर्षं. कुठलं औषध कुठल्या रॅकवर, कुठल्या बॅचची मुदत कधी संपते, सगळं त्यांच्या डोक्यात आणि एका लाल वहीत. बिलिंगला तीन मुलं, बावीस-तेवीसची. मुलं म्हणतात वही बंद करा. काका म्हणतात, ह्यांच्या कानात कायम इअरफोन आणि रजा रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. गेल्या महिन्यात इन्सुलिनचं खोकं अर्धा दिवस फ्रिजबाहेर राहिलं. नोंद केलेल्या मुलाला वाटलं काका ठेवतील, काकांना वाटलं नोंद झाली म्हणजे त्यानेच ठेवलं. सगळं टाकलं. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मला दोघंही हवे आहेत. एखादा ट्रेनर सुचवा, किंवा दुसरा उपाय.

वेर्णा_जनरलशिफ्ट
आम्ही पुण्याहून ट्रेनर आणला, दोन दिवसांचे ६० हजार, राहणं-जेवण वेगळं. एक एक रुपया वसूल झाला. १५ हजारांत काही होत नाही, बजेट वाढवा.

म्हापशाचं_कापडदुकान
ट्रेनर असेपर्यंत सगळे हसतात. आमच्याकडे खेळ घेतले, टाळ्या वाजवल्या. पुढच्या शुक्रवारी बाजाराची गर्दी झाली आणि गल्ल्यावर परत तेच भांडण. माझे पैसे गेले, तुमचे घालवू नका.

कुंडई_बारकोड
बारकोड सिस्टम घ्या. मला २ लाख ८० हजार पडले. पहिल्याच दिवशी वही जप्त केली. स्टोअरकीपर महिनाभर रुसला, मग शिकला. वही आणि संगणक दोन्ही ठेवलंत तर चुका दुप्पट.

मडगाव_जुनाहिशोब
जप्त? मी होतो त्या ऑफिसात एका क्लार्कची वही अशीच काढून घेतली. माणूस नोकरी सोडून गेला. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागला तेव्हा जुन्या स्टॉकवर आधी भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायला कुठला माल कुठल्या बिलावरचा ते सांगणारं कोणीच उरलं नव्हतं. आठ दिवस आम्ही बिलं उपसत होतो. माणसाचा अपमान करून काम शिकवता येत नाही.

डिचोलीकर
५८ झाले ना? मानाने निरोप द्या, प्रश्न मिटला.

मडगाव_जुनाहिशोब
@डिचोलीकर, निरोपाचा हिशोब तरी करा. बेसिक आणि डीए मिळून महिना २६ हजार धरले तर भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५ (वर्षामागे १५ दिवसांचा पगार), गुणिले २६ वर्षं. ग्रॅच्युइटीच ३ लाख ९० हजार. शिवाय त्यांनी स्वतः दोघंही हवेत असं लिहिलंय.

म्हापशाचं_कापडदुकान
रजेचं मात्र काका बरोबर बोलतात. चवथीच्या आदल्या रात्री आमच्या दुकानातल्या दोघांचा मेसेज, 'येत नाही'. विचारायची रीतच राहिली नाही.

पणजीची_बिलिंगवाली
मी २४ वर्षांची. चवथीची रजा मी महिनाभर आधी तोंडी मागितली होती, उत्तर मिळालं 'बघू'. मेसेज लिहिलेला तरी राहतो. आणि आम्हाला 'असं कर' एवढंच सांगतात, का ते सांगत नाहीत. कमी मुदतीचा माल पुढे का लावायचा हे आमच्या स्टोअरमधल्या काकूंनी मला रिटर्नच्या पेट्या दाखवून समजावलं. त्यानंतर माझ्या हातून तशी चूक झाली नाही. त्यांना शिकवायला दहा मिनिटं लागली.

कुंडई_बारकोड
सिस्टममध्ये मुदतीचा अलर्ट येतो, काकू लागत नाहीत.

हॉस्पिटल_स्टोअर
तुमचं इन्सुलिन वयामुळे गेलं नाही. माल हातात घेणारा कोण आणि फ्रिजमध्ये ठेवणारा कोण, हे ठरलेलंच नव्हतं. फ्रिज २ ते ८ अंश हवा. दारावर कागद लावा: माल आला ती वेळ, ठेवला ती वेळ, तापमान, ठेवणाऱ्याची सही. फ्रिज एकाच्याच ताब्यात द्या. काकांच्या द्या, मुलांचा भरवसा नाही.

डिचोलीकर
काकांकडेच द्या.

वेर्णा_जनरलशिफ्ट
फ्रिज काकांकडे हेच बरोबर. पण ट्रेनर आणाच.

फोंड्याचा_औषधवाला
सगळ्यांचे आभार. ट्रेनर आणत नाही, बारकोडही आत्ता नाही. लाल वही काका आहेत तोवर राहील. रोज दुपारी दीडला शटर ओढल्यावर अर्धा तास काका वही वाचून दाखवतात आणि एक मुलगी रॅकचे नंबर संगणकात भरते. चार दिवस झाले. काल तिने एक बॅच चुकीची निघाली म्हणून दाखवली, काकांनी वहीत खोडून दुरुस्त केली. दोघांना त्या अर्ध्या तासाचे जादा पैसे देतोय, १५ हजारांतले बरेचसे तिकडेच जातील. फ्रिज मात्र ज्याच्या हातून खोकं राहिलं त्याच मुलाला दिलाय. त्या दिवशी तो रडला होता, मी पाहिलं होतं. आता सकाळी येऊन पिशवी ठेवायच्या आधी तापमान लिहितो. काका अजून त्याच्याशी बोलत नाहीत, पण जाता-येता कागद वाचतात. रजा आठ दिवस आधी, मेसेज चालेल, आणि मी त्याच दिवशी हो-नाही कळवणार.

हॉस्पिटल_स्टोअर
त्याच मुलाला द्यायला नको होता. निदान किल्ली दोघांकडे ठेवा.

म्हापशाचं_कापडदुकान
दीड ते दोन? जेवणाची वेळ आहे ती. मुलगी किती दिवस थांबेल?