कचरा तर वेगळा झाला, आता वीज-पेट्रोल-पाण्याचं काय? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या कॉलनीत वाण म्हणून वह्या लुटल्या. साध्या, शंभर पानी. दर महिन्याला चारच नोंदी करायच्या: विजेचे युनिट किती, गॅसची टाकी कधी लावली, पेट्रोल किती भरलं, पाण्याचे टँकर किती मागवले. 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतंय आणि ओला-सुका आता बालवाडीतल्या पोरांनाही कळतं. पण वही भरायला लागल्यावर माझं मलाच हसू आलं. कचरा सहा डब्यांत, आणि स्कूटर मात्र कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही बाहेर!

हिशोबासाठी ढोबळ आकडे देते. विजेच्या एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलच्या लिटरमागे 2.3 किलो, 14.2 किलोच्या गॅस टाकीमागे 42 किलोच्या आसपास. तुमच्या घरी, गल्लीत, रहवासी संघात काय केलंत ते लिहा. फसलेलं आधी लिहा. सल्ले नकोत.

सुदामानगर, निवृत्त बँकवाले काका

फसलेलं आधी म्हणालात, म्हणून बरं. गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं. केंद्राच्या योजनेत 78 हजारांची सबसिडी मिळाली. घरात पहिला आक्षेप आला तो "कुरडया कुठे घालू?" हा. तो रास्त होता. मग सांगाडा आठ फूट उंच करून घेतला, त्याचे जास्तीचे पैसे गेले. आता पॅनलच्या सावलीत आमचा संध्याकाळचा चहा होतो आणि कुरडया कठड्यालगतच्या उन्हात. नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा) लागायला दोन महिने लागले, तोवर गच्चीवरची वीज नुसती शोभेची.

एप्रिलमध्ये दिवसाला बारा-तेरा युनिट, श्रावणात एखाद्या दिवशी चारसुद्धा नाहीत. पण खरी गोष्ट वहीत सापडली. आधी आमचा वापर महिन्याला 210 युनिट होता, आता 340 आहे. "आपलीच तर वीज आहे" म्हणत एसी दुपारभर सुरू. बिल शून्याजवळ आल्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सौ. म्हणतात, वही बंद करा.

लोकमान्यनगरहून

काका, पॅनल धुता कशाने? नर्मदेच्या पाण्याने ना?

माझी सगळी नोकरी पंपांच्या कामात झाली, म्हणून थोडं लांबण लावतो. 1978 मध्ये नर्मदा इंदुरात आली. तिचं पाणी खाली नदीकाठच्या जलूदहून येतं, सत्तर किलोमीटर, विंध्याचा घाट चढून. पाणी आपणहून चढत नाही, पंप चढवतात, चोवीस तास. आपल्या नळाच्या प्रत्येक बादलीत वीज आहे. नगर निगमला (महापालिकेला) या बिलाचा इतका भार होतो, की फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले, तेही सामान्य माणसाला घेता येतील असे. कशासाठी, तर जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला.

आणि आमच्या गल्लीत काय? सकाळी पाणी आलं की अर्ध्या तासात टाक्या वाहायला लागायच्या. पाणी गच्चीवरून पन्हळीत, पन्हळीतून ओटल्यावर, ओटल्यावरून रस्त्यावर. रस्ता आयता धुतला जातो म्हणून लोक खूश! मी एका रविवारी एका टाकीखाली बादली लावून घड्याळ धरलं. पंधरा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली. त्या घरच्या वहिनींना बोलावून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन मोटर बंद केली.

मग बावीस घरांत फ्लोट वॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारे) लावले, एकाच प्लंबरकडून, घाऊक भावात. सहा घरं म्हणाली, नंतर बघू. तिथे पोरांना काम दिलं: टाकी वाहताना दिसली की बेल दाबून पळायचं. हे वॉल्व्हपेक्षा जास्त चाललं. काहींनी कंटाळून वॉल्व्ह लावून घेतले.

(धागा काढणारी) बेल दाबून पळणाऱ्यांत तुमचा नातूही होता का, काका?

लोकमान्यनगरहून म्होरक्याच तो.

वैशालीनगर, महिला मंडळ

आमची भांडी बँक आहे. दीडशे ताटं, तीनशे वाट्या, दीडशे पेले, सगळं स्टीलचं, वर्गणीतून. गणपतीचा महाप्रसाद, मुंज, डोहाळजेवण, काहीही असो, पन्नी आणि थर्माकोल बंद. ऐकायला छान वाटतं. पहिल्या वर्षी महाप्रसाद झाल्यावर रात्री साडेअकराला आम्ही सात जणी नळापाशी बसून दीडशे ताटं घासत होतो आणि पुरुषमंडळी मांडवात खुर्च्या टाकून पर्यावरणावर बोलत होती. हे अक्षरशः खरं आहे.

दुसऱ्या वर्षी नियम केला: ताट ज्याचं, घासायचं त्याने. दोन टब ठेवले, एकात राखेचं पाणी, एकात साधं. शिवाय दोन बायकांना रोख पैसे देऊन मदतीला बोलावलं. नवल म्हणजे पानात टाकणं निम्म्यावर आलं. जे स्वतः खरवडायचं आहे ते माणूस जपून वाढून घेतो. उरलेलं ओल्या कचऱ्याच्या गाडीत.

टिळकनगर

ताई, ओल्या कचऱ्यावरून आठवलं. मी दोन वर्षं घरी खत केलं, मग पाठदुखीने सोडलं आणि अपराधी वाटत राहिलं. एकदा शाळेच्या मुलांबरोबर देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट पाहिला. फेब्रुवारी 2022 पासून सुरू आहे, तेव्हा रोज 550 टन ओला कचरा घेण्याची क्षमता होती, त्यातून सतरा हजार किलोपर्यंत गॅस, आणि त्यावर आपल्या सिटी बस धावतात. तोच कचरा ढिगात सडला असता तर मिथेन हवेत गेला असता, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीस पट तापदायक. आता भाजीची देठं निवांत गाडीत टाकते. पण बसमध्ये बसते का? नाही. बसथांबा घरापासून अकरा मिनिटं आहे आणि मे महिन्यात ती अकरा मिनिटं फार असतात.

कॉलेजवाला, राजेंद्रनगर

22 सप्टेंबर 2023 चा नो कार डे आठवतोय? बाबा सायकलवर, महापौर सायकलवर, सगळे फोटोत. 23 तारखेला बाबा कारमध्ये. मी मात्र त्या दिवसापासून क्लासला सायकलनेच जातो. कारण पर्यावरण नाही, माझ्या गाडीचं पेट्रोल बाबांनी बंद केलं.

माहेर विदिशा, सासर इंदूर

मोठ्या शहरापेक्षा लहान गावात हे सोपं असेल असं मला वाटायचं. आमच्या माहेराला लागूनच सांची. सप्टेंबर 2023 मध्ये देशातलं पहिलं सौर शहर म्हणून त्याचा गाजावाजा झाला. जवळ नागौरीला तीन मेगावॉटचा प्रकल्प, गावात बॅटरीच्या रिक्षा. दिवाळीत गेले तेव्हा भावाला विचारलं, रात्री दिवे कशावर लागतात रे? तो म्हणाला, "दिवसा जास्तीची वीज ग्रिडला देतो, रात्री ग्रिडकडून घेतो, वर्षाचा हिशोब जुळवतो." म्हणजे आपल्या किराणा दुकानाच्या खात्यासारखं. यात लबाडी नाही, पण रात्रीची वीज अजून बरीचशी कोळशाचीच, हेही खरं. तेव्हापासून मी वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर दुपारी लावते. काका, तुम्हीही एसीऐवजी हे करून बघा. (सल्ला झाला, माफ करा.)

रामबाग, वय 78

नातीने लिहून दिलंय, मी सांगतेय. सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालायची मोहीम निघाली ना, सौर ऊर्जेचा प्रचार करणाऱ्या चेतनसिंह सोळंकी सरांची? कपड्यांच्या एका जोडीमागे 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो म्हणतात. आमच्या वाड्यात सगळ्यांनी मान्य केलं. तिसऱ्या सोमवारी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दारात येऊन उभा. "माताजी, मुझसे कोई गलती हो गई क्या?" सोमवार त्याचा सगळ्यात मोठा दिवस, रविवारचे धुतलेले कपडे त्या दिवशी येतात. मला काही सुचेना. आता चादरी, पडदे आणि अभ्रे इस्त्रीला टाकणं कायमचं बंद, त्यांना कोण बघतं? शर्ट त्याच्याकडेच जातात, सोमवारीसुद्धा.

सौर चूल सनावदिया गावात, सौर स्वयंपाक शिकवणाऱ्या जनक पलटा ताईंकडे पाहून घेतली. वरण झकास होतं, शेंगदाणे खमंग भाजले जातात. पोळी होत नाही. आणि दर अर्ध्या तासाने तिचं तोंड सूर्याकडे वळवायला माझ्यासारखं रिकामं माणूस लागतं.

तिरकस बोलणारा, मल्हारगंज

14 जुलै 2024 ला रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांवर रोपं लावून आपण विश्वविक्रम केला. चांगलंच झालं. आमच्या गल्लीने त्याच उत्साहात चाळीस लावली. काल मोजली, अकरा आहेत. त्यातली चार त्या चहावाल्याच्या टपरीमागे, कारण तो पेले विसळलेलं पाणी तिथे ओततो. त्याचा सत्कार कुणी केला नाही.

वैशालीनगर, महिला मंडळ

सत्कार आम्ही करू, पेढे स्टीलच्या डब्यात आणू. आणि एक तातडीचं: परवा लोकमान्यनगरच्या मुंजीला भांडी गेली होती, ताटं पूर्ण आली, वाट्यांत सतरा कमी आहेत. मागे इंग्रजीत व्ही आणि नंबर कोरलाय. घरात उलट्या करून बघा.

लोकमान्यनगरहून

आमच्याकडे तीन निघाल्या. एकीत विरजण लावलंय, उद्या देतो.