ऑर्किड बांधायला 'ट्री फर्न'ची फळी घ्यावी का?

नागपूरची_गच्ची: कुंडीत माझ्या डेन्ड्रोबियम ऑर्किडची मुळं कुजली. रोपवाटिकेत 'ट्री फर्न'ची फळी दाखवली. वीतभर, काळपट, हाताला काथ्यासारखी. ओल धरते, हवाही खेळते, म्हणून आवडली. आणली कुठून विचारलं तर म्हणे, "नेचाच तो, कुठंही उगवतो. धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीतसुद्धा नाही." घेऊ का?

दरीतला_नेचा: नका घेऊ, कळकळीनं सांगतो. ते लाकूड नाही. वृक्षनेच्याच्या, म्हणजे ट्री फर्नच्या, खोडाभोवती वर्षानुवर्षं मुळांचा जाड थर चढतो, तो कापून फळ्या पाडतात. त्यासाठी झाडच आडवं करावं लागतं.

आणि लाल यादीचं म्हणाल तर जगातल्या बहुतेक नेच्यांची तिथं तपासणीच झालेली नाही. नाव नाही म्हणून धोका नाही, असं कसं म्हणायचं? उलट सायथिया वंशाचे वृक्षनेचे 'साइट्स' या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. परदेशातून आणायचे तर परवाना लागतो, आणि त्यात खोडाचे तुकडेही आले.

लहानपणी नागद्वारीहून परतताना बाबा आम्हाला पचमढीत एक दिवस थांबवायचे. तिथल्या एका दरीत, झऱ्याकाठी, पहिल्यांदा वृक्षनेचा पाहिला. बाबांच्या डोक्यावरून गेलेली पानं, खोडावर गळालेल्या पानांचे लंबगोल वण. पान उलटलं तर बीजाणूंच्या तपकिरी टिकल्या ओळीनं मांडलेल्या. एका पानावर लाखो बीजाणू असतात, पण रुजल्यावर आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा होतो, आणि त्यावर पाण्याचा थर असेल तरच फलन होऊन पुढचं रोप येतं. वरची सावली गेली, झरा आटला, की जुनी झाडं उभी दिसतात पण खाली पिल्लू नसतं. 'कुठंही उगवतो' म्हणणाऱ्याला ती दरी दाखवावीशी वाटते.

सावंतवाडीकर: आमच्याकडे सरळ आंब्याच्या फांदीवर बांधतात. गच्चीवर असाल तर नारळाचं सोडण घ्या. आठवडाभर पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला, तांबडा रंग उतरला पाहिजे. दोनेक पावसाळ्यांनी कुजतं, तेव्हा नवं लावायचं.

नागपूरची_गच्ची: आज रोपवाटिकेत पुन्हा विचारलं, फळीचे कागद नाहीत. सोडणच आणतो. पण आमच्या मे महिन्यात टिकेल का झाड?

सावंतवाडीकर: सोडण टिकेल, मुळं जपा. हिरवी जाळी लावा, पहाटे आणि ऊन उतरल्यावर पाणी द्या. भर दुपारी नको.