मदत हवी आहे: जुनी कंपनी पीएफला सोडल्याची तारीख टाकत नाही, नवीन जॉइनिंग अडकलंय

सिडको_सेटर

नमस्कार. अर्जंट आहे म्हणून सरळ लिहितो. जुन्या कंपनीने पीएफला डेट ऑफ एक्झिट टाकलेली नाही. इथे नाशिकजवळ गोंद्याला एका ठिकाणी सिलेक्शन झालंय, १ तारखेला जॉइनिंग. तिथला एचआर म्हणतो, आधी एक्झिट दाखवा, नाहीतर आम्ही पुढचा माणूस घेतो. आज २१ तारीख.

जुन्या कंपनीत फोन केला की साहेब मीटिंगमध्ये असतात. गेटवर गेलो तर सिक्युरिटी आत सोडत नाही. सहा वर्षं ज्या गेटवर पंच केलं तिथे परवा मला व्हिजिटरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं. दोन तास उभा राहिलो, कोणी आलं नाही.

तीन महिने झाले काम नाही. अंबड, सातपूर, मुसळगाव, दिंडोरी रोड, सगळं फिरून झालं. कुठेही जा, वॉचमन बायोडाटा घेतो आणि ड्रॉवरमध्ये टाकतो. तो पुढे कोणी बघतं का, माहीत नाही. मुलाखतीला बोलावलं तर "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. नाही तर नाही सांगा ना, माणूस वाट बघत बसतो. एका कन्सल्टन्सीने साडेतीन हजार घेतले, नंतर फोन उचलणं बंद. आता कुठे एक लागलं तर हे मध्येच आलं.

कोणाला नक्की माहीत असेल तर लवकर सांगा काय करायचं.

गोदाकाठ

दादा, एवढ्यावर काहीच सांगता येणार नाही. राजीनामा दिला होता की काढलं? शेवटचा दिवस कोणता? पीएफच्या पासबुकमध्ये शेवटचा भरणा कोणत्या महिन्याचा दिसतो? आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे का?

सिडको_सेटर

२८ मेला सोडली. व्हीएमसी सेटर होतो, म्हणजे धातूचे पार्ट कापणाऱ्या मशिनवर. पासबुक बघितलेलं नाही, पगारातून पीएफ कापला जात होता, स्लिपवर आहे. प्रश्न फक्त तारखेचा आहे.

पंचवटी_पासधारक

भाऊ, तुम्ही नाशिकमध्येच का शोधताय? मी १४ वर्षं पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो. पहाटे पाचला उठतो, रात्री दहाला घरी. त्रास आहे, पण महिन्याच्या महिन्याला पगार होतो. इथे एमआयडीसीत आज ऑर्डर आहे तर उद्या ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कंपनीच बंद. मुंबई-ठाणे साइडला प्रयत्न करा, पास काढला की प्रवास स्वस्तात पडतो.

चाकण_रिटर्न

व्हीएमसी सेटरला मुंबईत काय काम मिळणार? त्या लाइनचं काम पुण्याकडे आहे, चाकण, भोसरी, रांजणगाव. मी पाच वर्षं चाकणला होतो. पगार इथल्यापेक्षा चार-पाच हजारांनी जास्त, पण ते रूमभाड्यात आणि मेसमध्येच गेले. शेवटी परत आलो. ज्याचं घर सिडकोत आहे त्याने बारा तासांच्या शिफ्टसाठी बाहेर जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

पंचवटी_पासधारक

मी पर्याय सांगितला. मुंबईत फक्त ऑफिसं आहेत असं नाही. अंबरनाथ, तळोजा आहे.

चाकण_रिटर्न

अंबरनाथला पंचवटीने रोज कसं जाणार? कल्याणला उतरून पुन्हा लोकल, आणि फर्स्ट शिफ्ट सातला लागते. सात वाजता तुमची गाडी नाशिकरोडलाच असते.

लेखा_मॅडम

मी अंबडमधल्या तीन-चार छोट्या कंपन्यांचं पेरोल बघते. दोन गोष्टी.

पहिली, मालकाने एक्झिट टाकली नाही तर कामगार स्वतः टाकू शकतो. पीएफच्या मेंबर पोर्टलवर यूएएनने (पीएफचा कायमचा नंबर) लॉगिन करा, मॅनेज मेनूमध्ये मार्क एक्झिट आहे. अट अशी की शेवटच्या भरण्याला दोन महिने होऊन गेलेले असावेत. ओटीपी आधारच्या मोबाइलवर येतो, म्हणून गोदाकाठ यांनी विचारलं ते महत्त्वाचं आहे.

दुसरी, जुनी एक्झिट नसली तरी त्याच यूएएनवर नवीन मेंबर आयडी, म्हणजे नव्या कंपनीचं खातं, निघतो. मी स्वतः असे लोक घेतले आहेत. तुमचा एचआर अडवतोय तो त्यांच्या व्हेरिफिकेशनचा नियम, पीएफ ऑफिसचा नाही. त्यांना भीती असते की माणूस दोन ठिकाणी नोकरीला दिसेल. हे त्यांच्याशी शांतपणे बोलता येतं.

पण आधी पासबुक बघा. त्याशिवाय मार्क एक्झिटला हात लावू नका.

निफाडकर_मळा

तुमची अडचण वाचली. आमच्याकडे आता द्राक्षाच्या गोडी छाटणीची तयारी चालू आहे आणि माणूस मिळत नाही. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या आधीच बोलून ठेवाव्या लागतात. तुम्हाला क्वालिटीचं बघता येत असेल तर जानेवारीपासून पॅकहाऊसला सुपरवायझर लागतात. मण्याची साइज, शुगर, पॅकिंग, सगळं मोजमापाचं काम आहे. मशिनवरचा माणूस लवकर शिकतो. सीझन एप्रिलपर्यंत चालतो.

सिडको_सेटर

सगळ्यांचे आभार, पण मला जॉब मिळालाय. अडकलाय तो कागदामुळे.

लेखा मॅडम, पोर्टल उघडलं. ओटीपी येत नाही. आधारला जुना नंबर आहे, तो बंद झाला. जूनमध्ये दोन्ही सिमचं रिचार्ज परवडेना म्हणून एक बंद केलं, नेमकं तेच निघालं. आता?

गोदाकाठ

आधार सेवा केंद्रात किंवा पोस्टात जाऊन मोबाइल बदलून घ्या, बोटांचे ठसे लागतात, कागदपत्र लागत नाही. उद्याच जा. अपडेट व्हायला काही दिवस जातात आणि तुमच्याकडे दिवसच कमी आहेत. यूएएनला जो नंबर आहे तो चालू असेल तर पासबुक आजच दिसतं का बघा.

कामगार_मित्र

मूळ मुद्दा सगळे सोडताय. सहा वर्षांच्या माणसाने राजीनामा का दिला? भाऊ, तुम्ही उत्तर टाळलंय. राजीनामा लिहून घेतला का?

सिडको_सेटर

हो. २८ मेला शिफ्ट संपल्यावर सात जणांना ऑफिसात बोलावलं. कागद तयारच होते. सही करा, चांगलं रिलीव्हिंग लेटर मिळेल, नाही केली तर रिमार्क जाईल, असं सांगितलं. मी सही केली. लेटर अजून दिलं नाही, फुल अँड फायनलचा हिशोबही नाही.

हे लिहायचं नव्हतं. घरी मी स्वतः सोडली असंच सांगितलंय. पहिले पंधरा दिवस रोज डबा घेऊन निघत होतो. सकाळी कंपन्या फिरायचो आणि दुपारी गोल्फ क्लबच्या मैदानावर झाडाखाली डबा खायचो. मिसेसला कळलं तेव्हा ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पिको-फॉलची कामं वाढवून घेतली. त्यामुळे ही १ तारीख मला चुकवायची नाही.

कामगार_मित्र

मग हा राजीनामा नाही, जबरदस्तीने घेतलेली सही आहे. सात जण एकत्र कामगार उपायुक्तांकडे जा आणि तक्रार द्या. एकट्याला कोणी विचारत नाही, सात जण गेले की मालकाला नोटीस निघते. आणि ग्रॅच्युइटी मागितली का? पाच वर्षं सलग झाली की राजीनामा दिला तरी हक्क आहे. शेवटचा बेसिक आणि डीए किती होता?

सिडको_सेटर

१३ हजार. ग्रॅच्युइटीचं कोणी बोललंच नाही.

कामगार_मित्र

१३ हजार भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. सहा वर्षांचे ४५ हजार. ३० दिवसांत द्यायला हवे होते.

लेखा_मॅडम

थांबा. सहाही वर्षं कंपनीच्या रोलवर होतात की सुरुवातीला ठेकेदाराकडे?

सिडको_सेटर

पहिले नऊ महिने ठेकेदाराकडे. रोलवर ५ वर्षं ३ महिने.

लेखा_मॅडम

मग या कंपनीकडून पाच वर्षांची धरा, ३७ हजार ५००. वरचे महिने सहापेक्षा जास्त असते तर पूर्ण वर्ष धरलं असतं. तीही छोटी रक्कम नाही. ग्रॅच्युइटीचा अर्ज भरून कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. गेटवर देऊ नका, तिथे पोच मिळत नाही.

सातपूर_आयटीआय

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना अजून चालू आहे का बघा. ईएसआय (कामगार विमा) असलेल्याची नोकरी गेली तर त्यात ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे मिळतात, आयुष्यात एकदाच. माझ्या मेव्हण्याला मिळाले.

सिडको_सेटर

माझा ग्रॉस २१ हजारांच्या वर गेला तेव्हा ईएसआय बंद झालं. दोन वर्षं झाली त्याला.

पासबुक उघडलं. शेवटचा भरणा मार्चचा आहे. एप्रिल आणि मेच्या स्लिपवर पीएफ कापलेला आहे पण पासबुकमध्ये नाही. म्हणजे काय समजायचं?

कामगार_मित्र

म्हणजे तुमच्या खिशातून घेतले आणि भरलेच नाहीत. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. कामगाराचा कापलेला हिस्सा न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. म्हणून ते एक्झिट टाकत नाहीत. मेची तारीख टाकली की दोन महिन्यांचा भरणा कुठे आहे असा प्रश्न येईल. आता अजिबात माघार घेऊ नका. स्वतः एक्झिट टाकूच नका.

लेखा_मॅडम

कारण तेच असेल असं मी म्हणणार नाही, पुष्कळ ठिकाणी नुसता हलगर्जीपणा असतो. पण एक्झिट टाकू नका हे मात्र खरं, कारण वेगळं आहे. स्वतः टाकताना पोर्टल शेवटच्या भरण्याच्या महिन्यातलीच तारीख घेतं. तुमची मार्चमधली पडेल. मग रेकॉर्डवर तुम्ही मार्चमध्ये सोडलेली दिसेल आणि स्लिप मेपर्यंतच्या. एकदा टाकलेली तारीख बदलणं सोपं नसतं, दुरुस्तीला जॉइंट डिक्लरेशन मागतात आणि त्यावर पुष्कळदा पुन्हा याच मालकाची सही लागते.

चाकण_रिटर्न

मॅडम, दोन महिन्यांच्या पीएफसाठी माणसाने हातातली नोकरी घालवायची का? मार्चची टाकून मोकळं व्हा आणि १ तारखेला कामावर उभे राहा. मी चाकणला तीन हजारांच्या फुल अँड फायनलसाठी वर्षभर भांडलो. तेवढ्या दिवसांत दोन ऑफर गेल्या. तत्त्वाने घरातला गॅस पेटत नाही.

कामगार_मित्र

तुमच्यासारखे सगळे मोकळे होतात म्हणून मालकांचं फावतं. उरलेल्या सहा जणांचं काय?

चाकण_रिटर्न

त्या सहा जणांपैकी इथे कोणी लिहिलंय का? त्याच्या पोराची फी तुम्ही भरणार का?

गोदाकाठ

दोघेही थांबा. एक करायचं म्हणून दुसरं सोडायची गरज नाही. मी निवृत्तीपर्यंत एचआरमध्ये होते, त्या बाजूने सांगते. एचआरला एक्झिटची तारीखच हवी असते असं नाही. उद्या वरून कोणी विचारलं तर दाखवायला त्याला कागद लागतो. तो कागद तुम्ही द्या. मे महिन्याची स्लिप, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, राजीनाम्याची प्रत किंवा फोटो, पासबुकची प्रिंट, आणि पीएफकडे केलेल्या तक्रारीचा नंबर. तक्रारीचा नंबर असला की चूक तुमची नाही हे दिसतं.

फोनवर बोलू नका, समोर जा. आणि जुन्या कंपनीबद्दल वाईट एक शब्द बोलू नका, तुमची बाजू कितीही खरी असली तरी. समोरचा माणूस ते वेगळ्या अर्थाने घेतो, मी टेबलाच्या त्या बाजूला बसून हे पाहिलंय.

लेखा_मॅडम

सहमत. तक्रार ईपीएफआयजीएमएसवर, म्हणजे पीएफच्या तक्रारींच्या पोर्टलवर टाका, नंबर लगेच मिळतो. सातपूरला त्र्यंबक रोडवर पीएफचं ऑफिस आहे, तिथे स्लिपा घेऊन प्रत्यक्षही जा. दर महिन्याच्या २७ तारखेला त्यांचा निधी आपके निकट म्हणून तक्रारींचा दिवस असतो, पण तुम्ही तोवर थांबू नका. तक्रारीत दोन मुद्दे वेगवेगळे लिहा, एप्रिल-मेचा भरणा नाही आणि एक्झिट नाही. एकत्र लिहिलं की एकाचं उत्तर देऊन तक्रार बंद करतात.

पंचवटी_पासधारक

कन्सल्टन्सीच्या साडेतीन हजारांचं काय केलं? पैसे ऑनलाइन दिले असतील तर १९३० ला तक्रार करा. नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नये, हे माझ्या भाच्यालाही सांगून थकलो.

सिडको_सेटर

रोख दिले होते. पावती आहे, पण तिथे आता दुसरंच दुकान आहे.

निफाडकर_मळा

काम झालं नाही तर कळवा, पॅकहाऊसवाल्याला आधी सांगून ठेवतो. आधी बोललेल्याला सीझनला पहिलं घेतात.

सिडको_सेटर

अपडेट देतो. काल सकाळी आधारचा नंबर बदलायला दिला. तिथून सातपूरला पीएफ ऑफिसला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्लिपा नीट बघितल्या. ऑनलाइन तक्रार तिथेच बसून टाकली, दोन वेगवेगळ्या, दोन्हीचे नंबर आले. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझे कागद वाचले.

आज गोंद्याला जाऊन आलो. एचआरला सगळं फाइलमध्ये लावून दिलं. त्याने मे महिन्याची स्लिप आणि बँक स्टेटमेंट पाहिलं. म्हणाला, चालेल, पण एक्झिट तीन महिन्यांत दाखवीन आणि सध्या दुसरीकडे नोकरीला नाही असं हमीपत्र द्या, मग १ तारखेचं बघू. बघू म्हणाला, हो म्हणाला नाही. पण पुढचा माणूस घेतो असं या वेळी बोलला नाही.

कामगार मित्र, बाकीच्या सहा जणांना फोन केले. तिघांचेही एप्रिल-मे नाहीत. दोघं यायला तयार आहेत, एकजण गावी गेलाय, दोघांनी फोन उचलला नाही, एकजण नको म्हणाला. त्याला अजून त्याच कंपनीत परत घेतील अशी आशा आहे. मी जॉइन झालो तरी पहिल्या सुट्टीला तुमच्याबरोबर उपायुक्त ऑफिसला येईन.

आता एकच. हमीपत्र १०० च्या स्टॅम्पवर करायचं की ५०० च्या? सीबीएस बसस्टँडजवळचा टायपिंगवाला ५०० चाच लागेल म्हणतो आणि त्याचे वेगळे.

लेखा_मॅडम

१०० चा आता बहुतेक कामांना चालत नाही, २०२४ मध्ये राज्यात ५०० केलाय, तो खोटं बोलत नाही. पण तुमच्या एचआरने स्टॅम्प मागितलाय का? नुसतं हमीपत्र म्हणाला असेल तर साध्या कागदावर सहीने चालतं, आमच्याकडे तसंच घेतो. आधी विचारा, मग पैसे घाला.

सिडको_सेटर

विचारलं. साधा कागद चालेल म्हणाला. मेलवर मजकूर पाठवतोय. आज रात्रीच लिहून उद्या साडेनऊला नेऊन देतो.