प्रतिसाद: अजिंक्यताऱ्यावर ९०० कॅलरी?

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या एका चढाईला स्मार्ट घड्याळाने ९०० कॅलरी (म्हणजे किलोकॅलरीच) दाखवल्या म्हणताय, पण हिशेब जुळत नाही हो. चढ ३०० मीटर आणि वजन ७० किलो धरा. नुसतं शरीर वर न्यायचं काम भरतं जेमतेम ४९ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्के, बाकीची उष्णता. म्हणजे खर्च २००-२५० च्या घरात. आडवं चालणं धरून थोडा जास्त. घड्याळ नाडीवरून अंदाज बांधतं, आणि उन्हात नाडी तशीही वाढते. खरं मोजमाप श्वासाचं: मास्क लावून किती ऑक्सिजन वापरला ते बघायचं, लिटरमागे साधारण ५ किलोकॅलरी. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ डग्लस यांनी १९११ साली उच्छ्वास पिशवीत गोळा करायची रीत काढली ती यासाठीच. त्या ९०० च्या भरवशावर कंदी पेढे मात्र खाऊ नका. मी खाल्लेत, पट्टा एक भोक पुढे सरकलाय.