अरीथा फ्रँकलिन: आवाज आणि सोफ्यात सापडलेलं मृत्युपत्र

सांजधून:
मंडळी, एक शंका आहे. सध्या जुनं सोल म्युझिक (अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांचं चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) ऐकायचं वेड लागलंय आणि गाडी फिरून फिरून अरीथा फ्रँकलिनपाशीच येतेय. पण तिच्याबद्दल काहीही शोधायला जा, निम्मं पान मृत्युपत्र, पोरांची भांडणं, कोर्ट आणि टॅक्स यानंच भरलेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ती गेली तेव्हा म्हणे मृत्युपत्रच नव्हतं, मग २०१९ मध्ये घरातच हातानं लिहिलेले कागद निघाले, त्यातले काही चक्क सोफ्याच्या उशीखाली! इतकी मोठी बाई, वकील-मॅनेजर सगळे हाताशी, तिनं हे असं का ठेवलं असेल?
आणि दुसरं म्हणजे तिच्या आवाजात नेमकं काय आहे ते जाणकारांनी जरा उलगडून सांगा ना, 'महान गायिका' तर सगळेच लिहितात पण ऐकताना लक्ष कुठे द्यायचं ते कोणी सांगत नाही. 'रिस्पेक्ट' सोडून पुढे काय ऐकू?

खर्जातला:
कोर्टकचेरी दुसरं कोणीतरी सांगेल, मी गाण्याचं बोलतो.
तिचा आवाज पियानोसकट ऐका. बरेच लोक हे विसरतात की ती जबरदस्त पियानो वाजवायची. १९६० पासून पाचसहा वर्षं ती कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे होती, तिथे मागे व्हायोलिनांचा ताफा देऊन तिच्याकडून जॅझ आणि जुनी स्टँडर्ड गाणी गाऊन घेतली, गायली छानच, पण ऐकताना ही कोणीतरी दुसरीच बाई वाटते. मग अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या निर्मात्यानं, जेरी वेक्सलरनं, तिला जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत नेलं आणि पियानोवर बसवलं. झालं! ती स्वतः वाजवत असली की श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे ताणायची, तालाच्या किती मागे रेंगाळायचं हे हात आणि गळा मिळून ठरवतात आणि बँड गपगुमान तिच्या मागे येतो. त्या दिवशी एकच गाणं पूर्ण झालं, 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन', कारण रात्री तिचा नवरा आणि स्टुडिओचा मालक यांची जुंपली आणि सगळा बाडबिस्तरा गुंडाळून न्यूयॉर्क गाठावं लागलं. वादक मात्र तेच, त्यांना तिकडे बोलावून घेतलं.
दुसरं म्हणजे चर्च. वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्डी निघायच्या आणि खपायच्या. ही चौदाव्या वर्षी तिथे गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, रेकॉर्ड करत होती. ती एका अक्षरावर पाचसहा सुरांची हरकत घेते ती कधी, तर साधा सूर त्या भावनेला पुरेनासा झाला की. नंतरच्या किती गायिकांनी तिच्या हरकती जशाच्या तशा उचलल्या, पण कधी घ्यायच्या ते उचललं नाही, म्हणून ते नुसतं गळा फिरवणं वाटतं. (हे माझं मत, भांडायचं असेल तर स्वागत आहे.)
'रिस्पेक्ट' सोडू नका, फक्त आधी ओटिस रेडिंगचं १९६५ चं मूळ ऐका, गाणं लिहिलं त्यानंच. त्यात कमावून घरी आलेला नवरा मान मागतोय. हिनं तेच बाईच्या तोंडी घातलं, 'आर-ई-एस-पी-ई-सी-टी' अशी अक्षरं सुटी सुटी म्हणायची ती जागा मुळात नाहीच, ती हिची, आणि मागे कोरसमध्ये सख्ख्या बहिणी.

कागदपत्रे_पूर्ण:
सांजधून, सोफ्यावर विनोद खूप झाले पण ती राहायची त्या मिशिगन राज्याच्या कायद्याला सोफ्याचं वावडं नाही. तिथे हातानं लिहिलेलं मृत्युपत्र चालतं, साक्षीदारही लागत नाहीत, फक्त तारीख आणि सही हवी आणि मुख्य मजकूर स्वतःच्या अक्षरात हवा. घोळ झाला तो असे दोन निघाले म्हणून. २०१० चं कुलूपबंद कपाटात, आणि २०१४ चं स्पायरल वहीत, सोफ्यात.
गाण्यांचं उत्पन्न दोन्हींत मुलांमध्येच वाटायचं आहे. पण २०१० मध्ये दोन मुलांना अट होती की बिझनेसचे क्लास करा, सर्टिफिकेट नाहीतर डिग्री आणा, मग हिस्सा घ्या. २०१४ मध्ये ती अट गायब, शिवाय ब्लूमफील्ड हिल्सचं मोठं घर धाकट्याला आणि नातवंडांना. आता ते दोघं कोणत्या कागदाच्या बाजूनं उभे राहिले हे सांगायला हवं का 😄 तिसरा २०१० वाल्याच्या बाजूनं, त्याच्या वकिलाचं म्हणणं की महत्त्वाचा कागद माणूस कुलपात ठेवेल की सोफ्यात? सगळ्यात मोठा या भांडणात नव्हता. २०१४ च्या कागदावरच्या सहीत 'ए' अक्षरात हसरा चेहरा काढलेला, त्याचाही कीस पाडला गेला. शेवटी जुलै २०२३ मध्ये ज्युरीनं तासाभराच्या आत सांगून टाकलं की २०१४ चं मृत्युपत्र खरं. चार वर्षं वाद आणि तासाभरात निकाल!
मृत्युपत्र नसतंच तर? मरताना नवरा नव्हता, त्यामुळे सरळ चार मुलं, चार समान वाटे. म्हणजे घोळ निस्तरायला लिहिलेल्या कागदांनीच घोळ वाढवला.

फुकटचा_सल्ला:
मग चूक तिचीच ना? तिचे एक वकील वर्षानुवर्षं मागे लागले होते की बाई ट्रस्ट कर, म्हणजे मालमत्ता आधीच विश्वस्तांकडे सोपव. ट्रस्ट केला असता तर घरातल्या गोष्टी घरात राहिल्या असत्या. वर टॅक्सवाल्यांचं सुमारे ८० लाख डॉलरचं देणं, ते फेडता फेडता २०२२ उजाडलं. एवढी हुशार बाई पण व्यवहारात शून्य.

जुनी_तबकडी:
व्यवहारात शून्य?? अहो, ही बाई कार्यक्रमाचे पैसे आधी रोख मोजून घ्यायची आणि पर्स स्टेजवर पियानोपाशी ठेवून गायची! कारण तिच्या आधीच्या पिढीतल्या काळ्या कलाकारांना प्रमोटर आणि कंपन्यांनी कसं नागवलं ते ती लहानपणापासून बघत आली होती. आणि नियमही बघा, अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं तर पैसे गीतकार-संगीतकाराला, गाणाऱ्याला शून्य. म्हणजे 'रिस्पेक्ट' रेडिओवर किती का वाजेना, तिला छदाम नाही, ते ओटिसच्या वारसांकडे. डिजिटल रेडिओला गाणाऱ्याला पैसे मिळायची सोय झाली, पण केंद्रीय कायद्यानं फेब्रुवारी १९७२ च्या आधीची रेकॉर्डिंग त्यातून बाहेर ठेवली, आणि तिचं बहुतेक सोनं त्याआधीचंच. ती पळवाट बंद करणाऱ्या कायद्यावर सही झाली ऑक्टोबर २०१८ मध्ये. ती गेली ऑगस्टमध्ये.
अशा माणसाला 'हा ट्रस्ट, इथे सही कर' म्हटलं की पोटात गोळा येणारच. मला ते वहीत स्वतःच्या हातानं लिहिणं त्यातलंच वाटतं, वकिलालासुद्धा सगळं कळायला नको.
आणि पक्के कागद म्हणजे शांतता हेही खरं नाही. गायक प्रिन्स २०१६ मध्ये मृत्युपत्राविना गेला, सहा वर्षं लागली, ठीक. पण सोल गायक जेम्स ब्राऊननं रीतसर मृत्युपत्र केलं, ट्रस्ट केला, गरीब मुलांच्या शिक्षणासाठी पैसे ठेवले, तो गेला २००६ मध्ये आणि वाद मिटला २०२१ मध्ये.

फुकटचा_सल्ला:
जेम्स ब्राऊनचं मान्य. पण अविश्वास वकिलावर होता आणि त्रास झाला पोरांना, हे तर खरं ना? तीन भाऊ, कोर्टात एकमेकांविरुद्ध.

जुनी_तबकडी:
ते खरंच. तिनं निदान २०१० वाला कागद फाडून तरी टाकायचा.

सांजधून:
बापरे, माहितीचा खजिनाच उघडला. रोख पैशाचं अजिबात माहीत नव्हतं. खर्जातला, आता पुढचं ऐकायचं सांगा की, रविवार मोकळा आहे.

खर्जातला:
'अमेझिंग ग्रेस', १९७२. लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री, गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड आणि त्याचा कॉयर (गायकवृंद) साथीला. आधी अल्बम ऐका, मग फिल्म बघा. फिल्मची तऱ्हाच वेगळी, शूटिंगच्या वेळी क्लॅपच दिले नाहीत म्हणून चित्र आणि आवाज जुळेना, डबे कित्येक वर्षं पडून. तंत्रानं ते जुळवलं तर २०१५ मध्ये हिनंच कोर्टात जाऊन प्रदर्शन अडवलं. लोकांसमोर आली ती हिच्या मृत्यूनंतर, घरच्यांच्या संमतीनं. जुनी_तबकडीच्या मुद्द्यात हेही धरा, जे माझं ते माझ्या परवानगीशिवाय नाही.
मग १९९८ च्या ग्रॅमीचा व्हिडिओ. ऑपेरा गायक पावारोत्ती आजारी पडला आणि ही ऐनवेळी त्याच्या जागी 'नेस्सुन दोर्मा' हे ऑपेरातलं गाणं गायली, ऑर्केस्ट्रा त्याच्याच पट्टीत वाजत होता, बदलायला वेळच नव्हता. ऑपेरावाले नाक मुरडतील, मुरडू देत. आणि २०१५ चा वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमधला सन्मान सोहळा, 'नॅचरल वुमन', वय ७३, पियानोवर बसून सुरुवात करते, मध्येच उठते, फरचा कोट खाली टाकते, ओबामा डोळे पुसतायत. हेडफोन लावून बघा आणि उठायच्या आधीचा पियानो नीट ऐका.

कागदपत्रे_पूर्ण:
तो कोट कोणाच्या वाट्याला आला ते शोधू नका फक्त, नाहीतर परत माझ्याच प्रतिसादाकडे याल.