ताण आला की बायकांचं डोकं बंद पडतं म्हणे!

सुरंगी_गुहागर: परवा खळ्यात आंब्याच्या पेट्या भरत होतो, वाशीची गाडी सुटायची घाई, आणि आईने पाच डझनी पेटीत चारच डझन भरून झाकण ठोकलं, एक नाही तीन पेट्या. दादा लगेच मोबाईल काढून, "बघ, सायन्सने सिद्ध झालंय, ताणात पुरुषांचं डोकं जास्त चालतं, बायकांचं बंद पडतं." रात्री बसून शोधलं. ट्रेसी शोर्स नावाच्या अमेरिकन न्यूरोसायंटिस्ट आहेत, त्यांचं १९९८ चं काम. आवाज झाला की उंदराच्या पापणीला बारीकसा झटका, मग त्याने पुढच्या वेळी आवाज ऐकूनच डोळा मिटायला शिकायचं. आधी ताण दिला तर नर पटापट शिकले, माद्या मागे पडल्या. दादाने एवढंच वाचलं! ताण नसताना माद्याच पुढे होत्या, आणि अंडाशय काढलेल्या माद्यांना ताणाने काही फरकच पडला नाही, हे कोण वाचणार? मेंदू कमी नाहीये, हार्मोन्सचा खेळ आहे.

पोफळीची_बाग: ताई, पापणी मिटणं आणि पेटी मोजणं एक कसं? उंदरिणीचं चक्र चार-पाच दिवसांचं, आपलं महिन्याचं. आणि "हार्मोन्सचा खेळ" हेच वाक्य आमचे साहेब बाईने रजा मागितली की बोलतात, तेही हसून. असला रिसर्च म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.

सुरंगी_गुहागर: मग काय, अभ्यासच करू नये? तेच तर चालू होतं इतकी वर्षं. मेंदूच्या संशोधनात फक्त नर प्राणी घेतलेले पेपर आणि फक्त माद्या घेतलेले, यांचं प्रमाण साडेपाचास एक असल्याचं २०११ मध्ये कोणीतरी मोजून दाखवलं. कारण काय तर माद्यांचं चक्र आकडे बिघडवतं. अहो पण ते चक्र हाच तर शोध होता! कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकइवेन यांनी १९९२ मध्ये दाखवलं की हिप्पोकॅम्पसमधे, म्हणजे आठवणी जिथे रुजतात तिथे, पेशींचे जोड त्या चार-पाच दिवसांत तीसेक टक्क्यांनी कमीजास्त होतात. मोठ्या झालेल्या मेंदूत!

बाबलो_मालवण: अगो बाय, माका येक सांग, आवशीन पेटये कमी भरल्यान तां हार्मोनान काय झोप नसल्यान? आमचो बापूस पन सीझनात ह्यांच करता, तेका कोण हार्मोन म्हणना नाय 😂

पोफळीची_बाग: बाबल्याला माझे दहा लाईक.

खाडीकाठची: शोर्सबाईंचंच २००६ चं अजून एक आहे. पिल्लं झालेल्या माद्यांचं शिकणं ताणाने बिघडलं नाही.

पोफळीची_बाग: झालं, आता आईपणाचे गोडवे. म्हणजे मूल नसलेली बाई ताणात ढ?

खाडीकाठची: पुढचं ऐका तरी. ज्यांना पिल्लं झालीच नव्हती पण दुसऱ्यांची पिल्लं सांभाळायला लागल्या त्यांचंही बिघडलं नाही. मला आमची आत्या आठवली, लग्न नाही केलं, भावाची चार पोरं वाढवली, पूर आला तेव्हा सगळ्या घरात एकटी तीच शुद्धीवर होती, बाकीचे नुसते ओरडत होते.

पोफळीची_बाग: आत्याला नमस्कार, पण उंदीर तो उंदीर. आणि एवढी चर्चा झाली, सुरंगीताई, आईला विचारलंत का काय झालं ते? वय काय त्यांचं?

सुरंगी_गुहागर: ५१. नव्हतं विचारलं, आत्ता जाऊन विचारलं. म्हणे दीड वर्षं रात्री दोन-तीनदा अंग घामाने चिंब होतं, साडी बदलते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. कोणाला बोलली नाही, "पाळी जाताना होतंच ते" म्हणे. दादापण ऐकत होता, गप्प बसला.

पोफळीची_बाग: मग ते उंदीर ठेवा बाजूला आणि बाईंच्या डॉक्टरकडे न्या.

सुरंगी_गुहागर: सोमवारी तोड नाहीये, तेव्हाच नेते. गाडी दादा काढणार आहे.