वाळूच्या ढिगावर 'हिमस्खलन' कसं व्हायचं?

उंबरठा:
मंडळी, अडलंय. एका विज्ञान मासिकासाठी लेख मराठीत आणतेय. भूकंप, शेअर बाजार, वाळूचे ढीग आणि समुद्रातली मासळी या चारही ठिकाणच्या उलथापालथींना एकच गणित लागू पडतं का, असा विषय. सुरुवात बाक, तांग आणि वीझेनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९८७ सालच्या वाळूच्या ढिगापासून आहे. एकेक कण वरून टाकत राहायचं. उतार एका मर्यादेला (लेखात तिला 'क्रांतिक अवस्था' म्हटलंय) पोचला की पुढचा कण कधी नुसता बसतो, कधी दोनचार भावंडांना घेऊन खाली येतो, कधी ढिगाची अख्खी बाजू उतरवतो. या प्रत्येक प्रकाराला इंग्रजीत 'ॲव्हलांच' म्हणतात. संपादकांनी कोश बघून सगळीकडे 'हिमस्खलन' करून ठेवलंय. वाळूत हिम आलं कुठून? पुढच्याच परिच्छेदात ऑस्लो विद्यापीठातला १९९६ सालचा प्रयोग आहे, त्यात वाळूऐवजी तांदूळ होता. म्हणजे 'तांदळाचं हिमस्खलन'!
अटी अशा: नाम हवं, त्याचं अनेकवचन व्हायला हवं आणि एका कणापासून अख्ख्या ढिगापर्यंत सगळ्याला तेच चालायला हवं.

कोशकीटक:
हिम काढा, स्खलन ठेवा. भूस्खलन, हिमस्खलन, तसं कणस्खलन. घडण स्वच्छ, अनेकवचन 'कणस्खलने'. धागा बंद करायला हरकत नाही.

फळाखडू:
'स्खलन' हा शब्द नववीच्या वर्गात एकदा मोठ्यानं म्हणून दाखवा आणि नंतर तास पुढे नेऊन दाखवा. मी शिकवतो, म्हणून सांगतोय.

कोशकीटक:
पोरं हसतात म्हणून शब्द टाकायचे तर व्याकरणातून लिंगही काढा, सर.

वाशिष्ठी:
'दरड' का नको? आमच्या चिपळूणकडे पाऊस लागला की रोजचा शब्द. सरकारी कागदांतही 'दरडप्रवण गावे' असं असतं. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, प्रत्येक वेळी सगळ्यांच्या तोंडी दरडच होती. भूस्खलन फक्त बातम्या वाचणाऱ्यांच्या.

कोशकीटक:
ताई, दरड म्हणजे कोसळणं नव्हे. दरड म्हणजे उभा, तुटका काठ. ती *कोसळते*. माझ्या मते दरी, दरड आणि विदारण हे तिन्ही 'दृ' म्हणजे फाडणे या एकाच धातूचे. 'दरडीचा आकार' म्हटलंत तर वाचक कड्याची उंची मोजत बसेल.

वाशिष्ठी:
घाटात समोरून येणारा ट्रकवाला काच खाली करून 'पुढं दरड हाय' सांगतो, तेव्हा तो रस्त्यावर आलेल्या मातीबद्दल बोलत असतो. कडा काय, तो रोजच तिथे असतो. त्याला कुणी तुमचा धातू शिकवला नाही आणि तरी त्याचं कधी अडलं नाही.

जुना_सबब्रोकर:
बाजारात हा प्रश्नच येत नाही. थोडं खाली गेलं तर 'नरम', आणखी गेलं तर 'घसरण', चौफेर असेल तर 'पडझड', आणि होत्याचं नव्हतं झालं की 'आपटी'. २८ एप्रिल १९९२ ला, घोटाळा बाहेर आल्यावर, सेन्सेक्स एका दिवसात ५७० अंशांनी पडला, जवळपास १३ टक्के. त्याला घसरण म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. सगळ्या मापांना एकच शब्द हवा हा हट्टच चुकीचा वाटतो.

उंबरठा:
काका, पण लेखाचा सगळा मुद्दा नेमका तोच आहे! लहान आणि मोठी, दोन्ही एकाच जातीची. मोठीला वेगळं कारण शोधायची गरज नाही, तोच एक कण पुरतो. लहानाला 'घसरण' आणि मोठ्याला 'आपटी' म्हटलं की लेखकाचं म्हणणं मी शब्दातच खोडून टाकलं.

क्रांतिक_कोन:
उंबरठा यांचं बरोबर आहे. भूकंपांत गुटेनबर्ग-रिश्टर यांचा नियम हेच सांगतो: भूकंपाचं माप (मॅग्निट्यूड) एकाने वाढलं की भूकंपांची संख्या साधारण दहापटीने कमी होते. मध्ये कुठे पायरी नाही, की इथवर 'हादरा' आणि इथून पुढे 'भूकंप'.
पण हे सर्वमान्य आहे असं समजू नका. दिदिए सोर्नेत हे भूभौतिकीतून झुरिकला अर्थव्यवहारांतल्या जोखमीकडे वळलेले गृहस्थ. ते म्हणतात की काही महाकाय घटना या रांगेत बसतच नाहीत, त्यांची घडणच निराळी असते. त्यांना त्यांनी 'ड्रॅगन-किंग' असं नाव दिलंय. ते खरं धरलं तर काकांची 'आपटी' वेगळी ठेवावी लागेल. म्हणजे हा वाद शब्दाचा दिसतो, पण अर्धा भौतिकीचाच आहे.
जाता जाता: ऑस्लोच्या प्रयोगात लांब दाण्याच्या तांदळानेच अपेक्षित वागणूक दाखवली, गोलसर दाण्याने नाही. आंबेमोहोर घेऊन बसू नका.

जुना_सबब्रोकर:
ड्रॅगन-किंग! आणि भाषांतर करताना भांडण कशावरून, तर वाळूवरून.

कोयनाकाठ:
'हादरा'चा विषय निघालाच आहे तर. ११ डिसेंबर १९६७ नंतर कोयनेला हादरे बसतच राहिले. आमच्या घरात 'भूकंप' हा शब्द त्या एकाच रात्रीसाठी राखून ठेवलेला, बाकी सगळे 'धक्के'. ओमोरी या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच दाखवलं होतं की मोठ्या भूकंपानंतरचे धक्के काळाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जातात. हे उंबरठा यांच्या लेखात आहे का?

उंबरठा:
आहे. शिवाय २००३ मध्ये लिलो आणि मान्तेन्या यांनी १९८७ च्या अमेरिकन बाजारकोसळीनंतरचे मोठे चढउतार मोजले, तर तेही ओमोरीच्याच चालीने विरळ होत गेलेले दिसले. तिथे मी 'पश्चात धक्के' लिहिलंय.

फळाखडू:
'बाजारकोसळ'! ताई, तुम्ही आत्ता सहज नाम करून टाकलंत. कोसळ, ती कोसळ, अनेकवचन कोसळी. चर्चा कसली करताय?

कोशकीटक:
कुठल्या कोशात आहे?

फळाखडू:
पुढच्या.

खळेकरी:
इतकी विद्वान मंडळी, आणि धान्य मोजणाऱ्याला कुणी विचारलं नाही! पायलीने भात मोजताना काठाच्या वर जो निमुळता ढीग चढतो ती 'शीग'. वरून ओंजळीने सोडत राहायचं. एका क्षणी शीग 'भरते', मग टाकलेलं सगळं बाजूने घरंगळतं, वर काही राहत नाही. किती घरंगळेल सांगता येत नाही, कधी चार दाणे, कधी एक बाजूच बसते. तुमच्या तीन शास्त्रज्ञांचा ढीग म्हणजे शीगच आहे, फक्त पायली काढून घेतलेली. आजीची मोजणी बघितली असेल त्याला 'क्रांतिक अवस्था' वेगळी समजवायला नको. ढिगाला शीग म्हणा आणि पडण्याला 'ढासळ'.

क्रांतिक_कोन:
शीग फारच सुंदर. पण प्रश्न पडण्याच्या नामाचा होता, ढिगाच्या नाही. आणि शहरातल्या किती वाचकांना शीग माहीत असेल? 'शिगोशीग' ऐकलेलं असतं, शीग पाहिलेली नसते.

कोशकीटक:
शीग बहुधा 'शिखा'पासून.

खळेकरी:
शिंगापासून. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

वाशिष्ठी:
'लोट' कसा वाटतो? पाण्याचा लोट, चिखलाचा लोट, हिमलोट असतोच. त्यातलं हिम काढलं की झालं.

क्रांतिक_कोन:
एका दाण्याचा लोट?

हर्णैकर:
चौथा विषय मासळीचा आहे ना? की ती जाळ्यातून सुटली? आमच्याकडे मासळी 'कोसळत' नाही. ती 'मिळेनाशी होते', 'पळते', आणि अनेक हंगाम तसंच चाललं की 'मासळीचा दुष्काळ'. वाळू पडताना दिसते तरी. मासळी गेली हे कळतं ते होडी रिकामी आल्यावर, आणि तेव्हाही आधी डिझेलचा हिशेब होतो, मग मासळीचा. मला विचाराल तर हे चौथं प्रकरण या ढिगात घुसवलंय.

उंबरठा:
दादा, इथे तर मला दुहेरी त्रास झालाय. इंग्रजीत समुद्रातल्या मासळीलाही 'स्टॉक' आणि शेअरलाही 'स्टॉक'. पहिला खर्डा यंत्राकडून करून घेतला, त्यात आलं, 'कॅनडाच्या कॉडचे समभाग १९९२ मध्ये कोसळले.'

जुना_सबब्रोकर:
हे मी मित्रांना पाठवतोय.

उंबरठा:
प्रत्यक्षात २ जुलै १९९२ ला न्यूफाउंडलंडला कॉडची मासेमारी बंद केली गेली आणि सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. मी 'मत्स्यसाठा' केलं. सरकारीही तेच आहे.

हर्णैकर:
साठा असतो बर्फात घातलेल्या मासळीचा. समुद्रातली मासळी हा साठा कसा? साठा म्हटलं की कुणीतरी आणून ठेवलेला, मोजलेला, कुलूप लावलेला. नुसतं 'मासळी' लिहा. 'कॉड मासळी संपत आली.' कळतं की नाही?

क्रांतिक_कोन:
कळतं, पण पुरत नाही. मत्स्यशास्त्रात उत्पन्न आजवरच्या कमालीच्या दहा टक्क्यांखाली गेलं की 'कोलॅप्स' धरतात, अशी एक व्याख्या आहे. 'संपत आली' यात दहा टक्के कुठे बसवायचे? शिवाय हे प्रकरण घुसवलेलं नाही. परिसंस्थांचे अभ्यासक जॉर्ज सुगिहारा यांनी सार्डीन आणि अँकोव्ही या लहान माशांच्या चढउतारांवर काम केलंय आणि मध्यंतरी ते एका मोठ्या बँकेतही होते. २००८ मध्ये रॉबर्ट मे आणि सायमन लेव्हिन या त्याच क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी बँकवाल्यांना उद्देशून लेख लिहिला, की परिसंस्था कशा ढासळतात हे एकदा बघून घ्या.

फळाखडू:
बघा, सर स्वतःच 'ढासळतात' म्हणाले.

हर्णैकर:
सार्डीन म्हणजे तारलीच ना? केरळात २०१२ ला विक्रमी निघाली आणि पुढच्या दोनतीन वर्षांत पार आटली. कोचीच्या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याचं नातं एल निनोशी जोडलं. हे तुमच्या लेखात घाला, कॉड इथे खातो कोण?

खळेकरी:
तारली म्हणजे पेडवेच की.

हर्णैकर:
नाही हो. पेडवे वेगळे, तारली वेगळी.

वाशिष्ठी:
आमच्या बाजारात दोन्ही एकाच टोपलीत असतात आणि मावशी गिऱ्हाईक बघून नाव सांगते.

उंबरठा:
अंक गुरुवारी छापायला जातोय. कोसळ, ढासळ की लोट? कुणीतरी एक सांगा.

हर्णैकर:
ताजी तारली घ्या, पोट बघा, बोटाने दाबून बघा. पेडव्यात एवढं तेल असतं का? मग सांगा एकच आहे म्हणून.

खळेकरी:
मालवणला या, दाखवतो.